गेहजी धावला

आजचं वाचन: २ राजे ५:१५-२७



गेले तीन दिवस मी लिहू शकले नाही. अहमदपूरला होते, ताईकडे. गेल्या आठवड्यात आपण नामानाचं कुष्ठ यार्देनेच्या पाण्यात गेलेलं वाचलं, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. रविवारच्या शाळेतही गोष्ट तिथेच संपायची: सात बुडया, लहान बाळासारखी त्वचा, टाळ्या. पुढचा भाग मुलांना सांगत नाहीत. मला मात्र या वेळी पुढचाच भाग वाचायचा आहे, कारण तो माझ्या भाच्याच्या बाबतीत घडला. आणि थोडा माझ्याही.

आधी वचन बघू. नामान बरा होऊन परत आला, सोबत आणलेलं घेऊन दारात उभा राहिला. काय काय होतं ते याच अध्यायाच्या पाचव्या वचनात आहे: दहा किक्कार रुपं, सहा हजार शेकेल सोनं, दहा पोशाख. अलीशाने परमेश्वराच्या जीविताची शपथ घेतली आणि काहीच घेणार नाही असं सांगितलं. नामानाने आग्रह केला, तरी नाही. नामान निघाला. थोडं अंतर गेला असेल नसेल, तोच अलीशाचा चाकर गेहजी मनाशी म्हणाला की धन्याने या अरामी माणसाला असंच सोडून दिलं, मी याच्या मागे धावतो आणि काहीतरी घेतो. इथे एक गोष्ट मला आत्ता आत्ता दिसली. गेहजीनेही शपथ घेतली, आणि तीसुद्धा परमेश्वराच्या जीविताचीच. धन्याने ज्या शपथेने नाकारलं, त्याच शपथेने चाकराने घ्यायचं ठरवलं. शब्द तेच, देव तोच, बोट फक्त दुसरीकडे.

आणि मग तो धावला. अख्ख्या अध्यायात पायांनी धावणारा हा एकटाच. बाकीचे रथात आहेत.

माझा भाचाही धावतो. ८०० मीटर. वय १९. त्याचं नाव लिहीत नाही, पण ‘मावशी, हे लिही’ असं त्यानेच सांगितलं, आणि लिहिल्यावर त्याला वाचूनही दाखवलं. अहमदपूर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: लातूर जिल्हा, नांदेड-लातूर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. सिंथेटिक ट्रॅक वगैरे गावात नाही. पोरं पहाटे शिरूर ताजबंदच्या रस्त्याच्या कडेने धावतात, ट्रक अंगावर येऊ नये म्हणून पाठीला चमकणारी पट्टी लावून. त्याचा आदर्श अविनाश साबळे. साहजिकच आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा, शाळेला सहा किलोमीटर पायी जाणारा मुलगा, पुढे सैन्यात गेला आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण घेऊन आला. मराठवाड्यातल्या प्रत्येक धावणाऱ्या पोराच्या मोबाईलवर त्याचा फोटो असतो.

भाच्याला राज्य स्पर्धेत पदक मिळालं आणि इन्स्टाग्रामवर त्याचे अकरा हजार फॉलोअर्स झाले. त्यात मंडळीतली लेकरं, शाळेतली, गल्लीतली, आजूबाजूच्या खेड्यांतली. बायोमध्ये त्याने ‘१ करिंथ ९:२४’ असं लिहिलं होतं. बक्षीस मिळेल असं धावा, ते वचन. मला फार अभिमान वाटला होता. अनेकांना मी ते दाखवलंही होतं.

गेल्या दिवाळीनंतर त्याला एक मेसेज आला. एका अ‍ॅपसाठी तीन रील करायच्या, ४० हजार रुपये. १० हजार आगाऊ. ‘स्पोर्ट्स प्रेडिक्शन’ असं काहीतरी त्या माणसाने म्हटलं होतं. सामन्याचा अंदाज बांधा आणि जिंका. आता ताईच्या घरची बाजू ऐका, म्हणजे या रकमेचं वजन कळेल. भाऊजींचा टेम्पो आहे, तो निम्मा वेळ गॅरेजात असतो. पोराचा खुराक, स्पर्धांचा प्रवास, पुण्यातल्या शिबिराची फी यासाठी ताईने बचत गटातून कर्ज काढलेलं, त्यातले २६ हजार फिटायचे होते. दर महिन्याला हप्त्याच्या दिवशी ताई गप्प गप्प असायची. त्या पोराला ते दिसत होतं. हावेने त्याने काही केलं असं कुणी म्हणू नये.

त्याने मला फोन केला होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे. “मावशी, असं असं आहे, करू का?” मी ऑफिसमधून निघत होते, हिंजवडीचा ट्रॅफिक, डोकं उठलेलं. मी म्हटलं, “कायदेशीर आहे का बघ, आणि कर.” पुढे त्याने विचारलं, “दशमांश दिला तर चालेल ना?” मी म्हटलं, “हो रे, नक्की दे.” मला बरंही वाटलं, की पोरगं दशमांशाचा विचार करतंय, आणि ताईचं कर्जही सुटेल. एवढंच. दोन मिनिटांचं बोलणं.

त्याने एक रील केली. धावून आल्यावर घामाघूम उभा आहे, मोबाईल दाखवतो, म्हणतो की मी पण खेळतो, तुम्ही पण खेळा. तो कधीच खेळला नव्हता. वाक्य त्यांनी लिहून पाठवलेलं. बायोमध्ये त्या अ‍ॅपची लिंक टाकायची होती, ती टाकली. वर १ करिंथ ९:२४, खाली ती लिंक.

आता परत वचनाकडे या. गेहजी नामानाला काय म्हणाला? त्याने स्वतःसाठी मागितलं नाही. माझ्या धन्याने मला पाठवलं आहे, असं तो म्हणाला. एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखातून दोन तरुण आले आहेत, त्यांच्यासाठी एक किक्कार रुपं आणि दोन पोशाख द्या. गरीब विद्यार्थ्यांचं नाव, वर धन्याचं नाव. नामान रथातून खाली उतरला होता त्याच्यासाठी. एवढा मोठा सेनापती एका चाकराला बघून खाली उतरतो, कारण तो चाकर अलीशाचा आहे. हा मान गेहजीने कमावलेला नव्हता. तो अलीशाच्या घरात राहून त्याच्या अंगाला लागला होता, जसा उदबत्तीच्या दुकानात काम करणाऱ्याच्या कपड्यांना वास लागतो. गेहजीने विकला तो हा वास. त्याच्याकडे दुसरं विकण्यासारखं काहीच नव्हतं.

जाहिरातीचा व्यवहार नेमका हाच आहे, आणि हे नीट समजून घेतल्याशिवाय ‘घ्यावं की न घ्यावं’ या प्रश्नाला अर्थ नाही. कंपनीला तुमचं धावणं नको असतं. धावणं ती टीव्हीवर फुकट बघू शकते. तिला हवा असतो तो तुमच्यावरचा लोकांचा विश्वास. आणि तो विश्वास तुमच्याकडे आहे, पण तुमचा नाही. तो ज्यांनी ठेवला त्यांचा आहे. त्यांनी तो तुमच्याकडे ठेवायला दिला आहे.

म्हणजे पैसे घेऊच नयेत का? काही वडीलधारे असं म्हणतात. खेळाडूने पैशाला हात लावला की देव गेला, असं. मला ते पटत नाही, आणि पवित्र शास्त्राचा आधारही त्याला दिसत नाही. एकच अध्याय मागे जा. २ राजे ४:४२. दुष्काळाच्या दिवसांत बाल-शालीशाहून एक माणूस जवाच्या वीस भाकरी आणि धान्याची ताजी कणसं घेऊन येतो, आणि अलीशा त्या घेतो. घेतो आणि लगेच शंभर माणसांपुढे वाढायला लावतो. त्याच अध्यायात शूनेमची बाई त्याच्यासाठी माडीवर खोली बांधते, पलंग, मेज, चौरंग, दिवा सगळं ठेवते, आणि अलीशा तिथे राहतो. तेव्हा अलीशा घेणारा माणूस होता. त्याने नामानाचंच घेतलं नाही. का? कारण नामान परका होता, नुकताच देवाला ओळखू लागला होता, आणि ‘या देवाची कृपा विकत मिळते’ असं त्याच्या मनात शिरलं असतं तर पुन्हा निघालं नसतं. कुणाकडून घेतो, कशाबद्दल घेतो आणि त्याने समोरच्याच्या मनात काय शिरतं, हे बघून अलीशा हो किंवा नाही म्हणायचा. गेहजीने यातलं काहीच बघितलं नाही. त्याला फक्त रथ लांब चाललेला दिसला.

आपल्याकडचं एक जुनं उदाहरण घ्या. खाशाबा जाधव, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते. गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मिरवणूक संपल्यावर त्यांनी कुस्त्या लढून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं. म्हणजे त्यांनी नावावर पैसे कमावले, कर्ज फेडायलाच कमावले. माझ्या भाच्यालाही कर्जच फेडायचं होतं. फरक एवढाच की खाशाबांच्या मैदानात ज्याने तिकीट काढलं, त्याला तिकिटाबद्दल खरी कुस्ती बघायला मिळाली. पैसे देणारा घरी जाताना फसला नव्हता.

(जाता जाता: विजय हजारे करंडकाचे सामने आपण बघतो, पण ते विजय हजारे सांगलीच्या मराठी ख्रिस्ती घरातले होते हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली, तेव्हा ते कर्णधार होते. पुण्याचे चंदू बोर्डे हेही आपलेच. मुलांना सांगत चला.)

आता पुढे काय झालं ते.

गल्लीतला एक मुलगा, दहावीतला. सकाळी भाच्याच्या मागे मागे धावायचा, त्याचे जुने बूट घालून. त्याच्या आईच्या मोबाईलवर पैशाचं अ‍ॅप होतं. गेल्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. त्यांची दीड एकर सोयाबीन पाण्यात कुजली, आणि नुकसानीचं अनुदान तिच्या खात्यावर आलेलं. त्यातले चार हजार रुपये त्या मुलाने तीन रात्रींत त्या अ‍ॅपवर घालवले. आधी दोनशे टाकले, चारशे झाले. मग पाचशे. पुढचं सांगायला नको.

त्याची आई ताईच्या दारात आली. भांडायला नाही. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, “तुमच्या लेकरानं सांगितलं म्हणून टाकले म्हणतंय ओ आमचं. तुमचं लेकरू देवाधर्माचं, ते कशाला खोटं सांगंल?” ताईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याच ऑफिसच्या जिन्यात उभी होते. देवाधर्माचं लेकरू. बायोमधलं वचन त्या मुलाने वाचलं होतं. त्याला वाटलं होतं, वचन लिहिणारा माणूस लिंकही खरीच देणार.

मत्तय १८:६ तुम्ही उघडून वाचा. लहानांतल्या एकाला जो अडखळवतो त्याच्या गळ्यातल्या जात्याच्या तळीबद्दल प्रभूने जे म्हटलं आहे, ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. त्या रात्री मला ते वाचवलं नाही.

गेहजी घरी आला. दोन थैल्या नामानाच्या दोन चाकरांनी उचलून आणल्या होत्या. किक्कार म्हणजे साधारण ३० ते ३५ किलो, म्हणजे एकेकाच्या खांद्यावर एकेक पोतं. टेकडीपाशी त्याने त्या उतरवून घेतल्या, घरात ठेवल्या, माणसं परत लावली. मग जाऊन धन्यापुढे उभा राहिला. अलीशाने विचारलं कुठून आलास. तो म्हणाला कुठेच गेलो नव्हतो. मला नेहमी वाटायचं की अलीशा इथे रागावलेला आहे. या वेळी वाचताना तसं वाटलं नाही. तो म्हणतो की तो माणूस रथातून उतरून तुला भेटायला आला, तेव्हा माझं मन तुझ्याबरोबरच होतं ना? हे पकडल्याचं वाक्य नाही. तुझ्याबरोबर मीही त्या रस्त्यावर होतो, असं तो सांगतो आहे. आणि मग तो अशा वस्तूंची यादी वाचतो ज्या गेहजीने मागितल्याच नव्हत्या: जैतुनाचे मळे, द्राक्षमळे, मेंढरं, बैल, दासदासी. त्या दोन थैल्यांच्या जोरावर गेहजीने मनात काय काय विकत घेऊन ठेवलं होतं, ते अलीशाला दिसत होतं. आपलंही असंच असतं. ४० हजार आले नव्हते, तोवर आमच्या घरात कर्ज फिटलेलं होतं, टेम्पोचं इंजिन झालेलं होतं, आणि मी मनातल्या मनात ताईसाठी साडीही घेतली होती.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने अहमदपूरला गेले. भाचा बोलेना. रील त्याने काढून टाकली होती, लिंकही. त्या माणसाला पैसे परत करायला मेसेज केला तर ते खातंच गायब. आधी दोन धमक्या आल्या होत्या की करार मोडला, केस करू. करार कसला, व्हॉट्सअ‍ॅपवरचे चार मेसेज. आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग हिशोबाला बसलो. आलेले दहा हजार. त्यातले साडेसहा हजार स्पाइक्सला गेलेले. एक हजार दशमांश, प्रभूच्या घरात टाकलेला. अडीच हजार शिल्लक.

दशमांशाचं मला सगळ्यात जास्त लागलं, कारण तो मी द्यायला सांगितला होता. अनुवाद २३:१८ मध्ये स्पष्ट आहे की काही प्रकारची कमाई परमेश्वराच्या घरात नवसापोटीही आणायची नाही. दशमांश म्हणजे पैसे धुण्याचा साबण नव्हे, आणि मी त्या पोराला अगदी तसाच वापरायला दिला होता. पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, उपदेश काही केला नाही. आत गेले, हजार रुपये आणले आणि म्हणाले, “ही देणगी आमची नाही, त्या माउलीची आहे.” अडीच आणि एक, साडेतीन हजार. उरलेले पाचशे मी घातले. मावशी म्हणून नाही, भागीदार म्हणून.

भाच्याला ते पैसे ताईच्या हातून पाठवायचे होते. ताई म्हणाली, “उगं माझ्या पदराआड लपू नको.” तो स्वतः गेला. मी लांब, कोपऱ्यावर उभी होते. त्या बाईने पैसे मोजून घेतले, त्याला चहा दिला. तो मुलगा बाहेरच आला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे धावायलाही आला नाही. आज मी हे लिहितेय तोवर आलेला नाही.

संध्याकाळी भाच्याने एक साधी रील टाकली. मी ते अ‍ॅप कधी वापरलं नव्हतं, पैसे घेऊन खोटं बोललो, ज्यांचे गेले त्यांनी मला भेटा. बायोमधलं वचन मात्र त्याने काढून टाकलं. मी म्हटलं ते कशाला काढलंस. तो म्हणाला, “आधी नीट धावू दे.” मी वाद घातला नाही.

तुमच्यातले बरेच जण खेळणारे आहेत. कुणी जिल्हा स्तरावर, कुणी फक्त जिममध्ये, आणि पाच हजार फॉलोअर्सवालेही आता ‘कोलॅब’साठी पैसे घेतात. म्हणून थोडं व्यवहाराचं बोलते, कारण मी ‘कायदेशीर आहे का बघ’ म्हणाले आणि मलाच कायदा माहीत नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे. भारतीय संघाच्या जर्सीवरचं नाव त्यामुळेच गेलं, आशिया चषकात जर्सी कोरी होती, आठवत असेल. बाकी कुठल्याही वस्तूची फसवी जाहिरात केली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जे बोलतो ते खरं आहे का याची नीट खात्री करून घेतली होती, एवढाच बचाव चालतो. वय १८ पूर्ण नसेल तर तुमच्या सहीचा करार कायद्यात टिकत नाही, आईवडील लागतात. बूट, मोबाईल अशा वस्तू मिळाल्या आणि वर्षात त्यांची किंमत २० हजारांच्या वर गेली तर त्यावरही कर कापला जातो. हे सगळं एखाद्या सीएला विचारा, मी नुसती जागं करतेय.

पण कायद्याच्या आधीचा प्रश्न मी आता भाच्यासाठी एका वाक्यात केला आहे: जे वाक्य तू बोलणार आहेस, ते पैसे न घेता गल्लीतल्या त्या मुलाला बोलशील का? सचिन तेंडुलकर आपल्या मंडळीतला नाही, पण त्याची एक गोष्ट मी पोरांना नेहमी सांगते. तंबाखू आणि दारूची जाहिरात करणार नाही असा शब्द त्याने वडिलांना, प्राध्यापक रमेश तेंडुलकरांना दिला होता. १९९६ च्या विश्वचषकात त्याच्या बॅटवर स्टिकरच नव्हतं, बाकीच्यांच्या बॅटवर सिगारेटच्या कंपनीचं नाव होतं. त्या कोऱ्या बॅटने त्याने ५२३ धावा केल्या, स्पर्धेत सगळ्यात जास्त. पुढे दारूच्या जाहिरातीला मोठी रक्कम आली तीही नाकारली. म्हणजे जाहिराती त्याने खूप केल्या, खूप कमावलं. काय करायचं नाही ते फक्त आधीच ठरलेलं होतं, भाव येण्याच्या आधी. भाव आल्यावर ठरवायला बसलं की गेहजी होतो.

जेमिमा रॉड्रिग्जचं तर तुम्ही सगळ्यांनी शेअर केलं होतं. ३० ऑक्टोबर २०२५, नवी मुंबई, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चं लक्ष्य, नाबाद १२७, आणि मग कॅमेऱ्यासमोर रडत रडत येशूचे आभार, त्या स्पर्धेत जवळजवळ रोज रडले हेही कबूल. मी ते पाच-सहा वेळा बघितलं. त्यानंतर तिच्याकडे जाहिरातींची रांग लागली असं पेपरात आलं. लागू दे, कष्टाचं आहे. मला त्यातून एकच पकडून ठेवावंसं वाटतं, की येशूचं नाव तिने घेतलं ते फुकट घेतलं. ते कुठल्या वस्तूच्या शेजारी ठेवलेलं नव्हतं. आपण वचन आणि लिंक एकाच पाटीवर ठेवतो तेव्हा कुठलं कुणाला विकतंय, हे वाचणाऱ्याला कळत नाही. मला वाटतं, आपल्यालाही कळत नाही.

गेहजीचं पुढे काय झालं? नामानाचं कुष्ठ त्याला लागलं, बर्फासारखा पांढरा होऊन तो निघून गेला. फार कडक वाटतं हे. मलाही वाटतं, आणि मी त्याचं गोड स्पष्टीकरण देणार नाही. पण तो पुन्हा एकदा दिसतो. २ राजे ८:४-५. तिथे तो राजापाशी आहे, अलीशाने केलेली मोठमोठी कामं सांगतो आहे, आणि त्याच्या सांगण्याच्या ओघात शूनेमच्या बाईला तिचं घर आणि जमीन परत मिळते. काही अभ्यासक म्हणतात की हा प्रसंग आधीचा असावा, पुस्तकात क्रम मागेपुढे झाला. असेलही. मला मात्र तो जिथे छापलाय तिथेच वाचायला आवडतो. धन्याच्या नावाने खोटं बोलून घेतलेला माणूस, आणि तोच पुढे धन्याबद्दल खरं सांगताना एका बाईचं शेत परत मिळतं.

लातूरच्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानदाराने परवा भाच्याला विचारलं. बूट देतो, वर पाच हजार, दुकानाचा एक व्हिडिओ कर. भाचा म्हणाला, आधी महिनाभर घालून धावतो, मग सांगतो. दुकानदार हसला, पण बूट दिले. चौथ्या दिवशी टाच सोलली. त्याने तसं सांगितलं, दुकानदाराने दुसरा जोड दिला. महिना अजून व्हायचा आहे. बचत गटाचे २६ हजार तसेच आहेत, या दहा तारखेचा हप्ता ताईने भरला, गप्प गप्प राहूनच. आणि त्या साडेसहा हजारांच्या स्पाइक्स खोक्यात आहेत, पलंगाखाली. घालायच्या की विकायच्या की कुणाला द्यायच्या, आमचं ठरलेलं नाही. तुम्ही काय केलं असतं?

प्रार्थना करू या.

हे प्रभू, तो दहावीतला मुलगा उद्या पहाटे रस्त्यावर येऊ दे. त्याच्या आईच्या शेतात यंदा पाणी साचू देऊ नकोस. माझ्या भाच्याची टाच बरी कर. फोनवर घाईत उत्तर द्यायची माझी सवय मोड. येशूच्या नावात मागतो, आमेन.

उद्याचं वाचन: २ राजे ६:१-७. नदीत पडलेली कुऱ्हाड. ती उसनी आणलेली होती, हे लक्षात ठेवून वाचा.